सर्व्हरचा प्रोसेसर घरच्या संगणकांत

‘जुनें तें सोनें’ ही म्हण संगणकाच्या बाबतींत सहसा खरी ठरत नाहीं. घरांतील तांब्याचा हंडा आजोबांपासून नातवापर्यंत चालतो. संगणक मात्र पांच-सात वर्षांतच म्हातारा म्हणून गणला जातो, आणि दहा वर्षें उलटलीं म्हणजे भंगारवालाही तो वजनाच्या भावानें मागतो. तथापि ह्या सामान्य नियमास एक लक्षांत घेण्याजोगा अपवाद आहे. मोठमोठ्या संस्थांच्या सर्व्हरांतून काढून टाकलेले प्रोसेसर थोड्या पैशांत विकत घ्यावयाचे, ते घरच्या मेजावरील संगणकांत बसवावयाचे, आणि कारखान्यानें ठरवून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें चालवावयाचे, असा उद्योग अनेक हौशी व गरजू लोकांनीं केला व त्यांतून आपलें काम साधून घेतलें. हा उद्योग कसा चालतो, त्यांत खरी बचत किती आणि धोका किती, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे. कारण केवळ स्वस्ताईच्या मोहानें त्यांत हात घालणारा मनुष्य पैशांहूनही मोलाची वस्तु, म्हणजे स्वतः केलेलें काम, गमावून बसण्याचा संभव असतो.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. बँका, रेल्वेचीं आरक्षण-कार्यालयें, विद्यापीठें, मोठ्या व्यापारी पेढ्या ह्यांच्याकडे रात्रंदिवस जागे राहून हजारों लोकांच्या मागण्या एकाच वेळीं पुरविणारे जे संगणक असतात, त्यांस सर्व्हर म्हणतात. घरचा संगणक दिवसांतून चार घटका चालतो. सर्व्हर वर्षाचे ३६५ दिवस चालतो. अशा संगणकाचें सर्व गणित करणारी जी सिलिकॉनची लहानशी चकती, तीच प्रोसेसर होय. तिच्यांत एकाच वेळीं स्वतंत्रपणें काम करणारे अनेक विभाग असतात, त्यांस कोअर असें नांव आहे. एका कचेरींत एक कारकून असावा कीं सहा असावेत, असाच हा भेद समजावा. काम सहा जणांत वांटून देण्याजोगें असेल, तर सहा कारकुनांची कचेरी तें लवकर उरकते; तें वांटण्याजोगें नसेल, तर पांच जण हात बांधून बसतात.

आतां इतकी मौल्यवान वस्तु स्वस्त कां व्हावी? ह्याचें उत्तर असें कीं, एकाच वस्तूचा हिशेब दोन निराळ्या वह्यांत निराळा निघतो. सर्व्हर बाळगणाऱ्या संस्थेच्या वहींत विकत घेण्याची किंमत ही एकच रक्कम नसते. अहोरात्र जळणारी वीज, ती उष्णता बाहेर काढणारी वातानुकूलन यंत्रणा, जागेचें भाडें आणि देखभाल ह्या रकमाही तींत मांडाव्या लागतात. नवा प्रोसेसर तेवढ्याच विजेंत अधिक काम करूं लागला, कीं जुना अगदीं धडधाकट असूनही तोट्याचा ठरतो, आणि कांहीं वर्षांनीं कपाटेंच्या कपाटें एकदम बाहेर काढलीं जातात. घरगुती वापर करणाऱ्याची वही ह्याच्या अगदीं उलट. त्याचा संगणक थोडाच वेळ चालतो. त्याला बोंचते ती खरेदीची रक्कम. त्यामुळें एका वहींत जो नावेंच्या बाजूस पडला, तोच दुसरींत जमेला धरला जातो. मालांत कांहीं दोष असल्यामुळें तो स्वस्त झालेला नसतो. पुष्कळ माल एकाच वेळीं बाजारांत आला, एवढेंच त्याचें कारण.

ह्या प्रकारांतील सर्वांत गाजलेलें उदाहरण इंटेल कंपनीच्या झिऑन एक्स ५६५० ह्या प्रोसेसराचें आहे. नोव्हेंबर २००८ मध्यें ह्या कंपनीनें कोअर आय-७ ९२० हा चार कोअरांचा घरगुती प्रोसेसर २८४ डॉलर किंमतीस बाजारांत आणिला, आणि त्याच्या जोडीला एक्स ५८ ह्या नांवाच्या चिपेवर आधारलेले मदरबोर्ड निघाले. पुढें मार्च २०१० मध्यें त्याच १३६६ टांचण्यांच्या सॉकेटांत बसणारे सहा कोअरांचे प्रोसेसर आले. त्यांतील घरगुती म्हणून विकला गेलेला कोअर आय-७ ९८०एक्स ९९९ डॉलरांचा होता व सर्व्हरसाठीं विकला गेलेला झिऑन एक्स ५६५० हा ९९६ डॉलरांचा. दोहोंचा वंश एकच. दोन्ही ३२ नॅनोमीटर पद्धतीनें घडविलेले, आणि दोहोंत सुमारें ११७ कोटी ट्रांझिस्टर. घरगुती प्रोसेसराचा ठरीव वेग ३.३३ गिगाहर्ट्झ व उष्णतेची मर्यादा १३० वॉट. सर्व्हरच्या प्रोसेसराचा वेग २.६६ गिगाहर्ट्झ व मर्यादा ९५ वॉट, एवढाच काय तो सामान्य वापरणाऱ्यास जाणवणारा मुख्य भेद.

कांहीं वर्षांनीं सर्व्हर बदलले गेले, आणि हजार डॉलरांचा हा प्रोसेसर जुन्या बाजारांत शंभर डॉलरांच्या आंत, व पुढें त्याहूनही पुष्कळ कमी किंमतींत मिळूं लागला. ज्याच्याकडे २००८ सालचा मदरबोर्ड पडून होता, त्याच्यासमोर जुना चार कोअरांचा प्रोसेसर काढून त्या जागीं सहा कोअरांचा बसविण्याचा मार्ग खुला झाला. इंटेलच्या सर्वसाधारण घरगुती मालिकेंत ऑक्टोबर २०१७ पर्यंत चारांहून अधिक कोअर मिळत नसत, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे ह्या संधीचें महत्त्व कळतें. चित्रफिती जुळविणारा, इमारतींचे त्रिमितीय आराखडे रंगविणारा, किंवा प्रबंधासाठीं लांबलचक गणितें करणारा एखादा विद्यार्थी ह्या साधनानें रात्रभराचें काम मध्यरात्रीपूर्वीं संपवूं शके.

पण सर्व्हरचा प्रोसेसर मुळांत संथ चालीचा. त्याची चाल वाढविणें ह्यासच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ह्याची किमया समजण्यास गायनाच्या बैठकीकडे पाहावें. तबलजी एक मूळ लय धरतो, आणि त्याच लयींत गायक कधीं दुगुन, कधीं चौगुन घेतो. मदरबोर्डावरही असाच एक मूळ ठोका चालूं असतो. एक्स ५८ मदरबोर्डावर तो सेकंदाला १३.३३ कोटी वेळां, म्हणजे १३३ मेगाहर्ट्झ वेगानें पडतो. एक्स ५६५० प्रोसेसर त्याच्या वीसपट चालतो, १३३.३३ गुणिले २० म्हणजे २,६६७ मेगाहर्ट्झ, हाच त्याचा २.६६ गिगाहर्ट्झ वेग. ह्या विसाच्या गुणकास कंपनीनें वरची मर्यादा घालून ठेविली आहे, आणि भार पाहून प्रोसेसर स्वतःच जो अल्पसा वेग वाढवितो, तेवढीच त्यास मोकळीक असते. मात्र मूळ ठोका वाढविण्यास ह्या पिढीच्या मदरबोर्डांत आडकाठी नाहीं. ठोका २०० मेगाहर्ट्झ केला, कीं गुणक तोच राहूनही वेग ४,००० मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळच्या दीडपट होतो. सर्व युक्तीचें मर्म एवढेंच.

परंतु मूळ लय वाढविली म्हणजे एकटा गायकच नव्हे, तर पेटीवाला, सारंगिया, तंबोरे धरणारे, सर्वांनाच धांवावें लागतें, आणि त्यांपैकीं एखाद्याचा दम तुटला तरी बैठक मोडते. संगणकांत स्मृतीच्या पट्ट्या ह्याच ठोक्यावर चालतात. १३३ च्या दसपट १,३३३ ह्या वेगाच्या पट्ट्या २०० च्या ठोक्यास दसपटच ठेवल्या तर त्यांना २,००० चा वेग गांठावा लागेल, आणि तो त्यांस बहुधा झेपणार नाहीं. म्हणून त्यांचा गुणक ८ वर आणून वेग १,६०० वर, किंवा ६ वर आणून १,२०० वर ठेवावा लागतो. प्रोसेसरांतील सामाईक साठ्याचा विभाग व मदरबोर्डाशीं जोडणारा दुवा ह्यांचे गुणकही असेच खालीं घ्यावे लागतात. ज्यास ही तडजोड साधत नाहीं, तो प्रोसेसर निकामी निघाला म्हणून बोल लावितो. वस्तुतः दोष साथीदारांचा असतो.

वेग वाढवितांना विजेचा दाबही वाढवावा लागतो, तो कां? प्रत्येक ठोक्यास कोट्यवधि ट्रांझिस्टर आपली अवस्था बदलतात, आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वीं प्रत्येकाची अवस्था स्थिर झालेली असली पाहिजे. ठोके लवकर लवकर पडूं लागले, कीं कांहीं मंद ट्रांझिस्टरांस तेवढी सवड मिळत नाहीं, व शून्याच्या जागीं एक किंवा एकाच्या जागीं शून्य वाचलें जातें. दाब वाढविला असतां ट्रांझिस्टर अधिक चपळ होतात व ही सवड पुन्हां मिळते. पण ह्या चपळाईचें मोल भारी असतें. खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दीडपट केला आणि त्यासाठीं दाब १.१० व्होल्टांवरून १.३० वर न्यावा लागला असें धरल्यास, दाबाच्या वर्गामुळें १.४ पट आणि वेगामुळें १.५ पट, मिळून खर्च २.१ पट होतो. ९५ वॉटांच्या जागीं जवळजवळ २०० वॉट उष्णता त्या चकतीएवढ्या जागेंतून बाहेर काढावी लागते. इंटेलनें ह्या प्रोसेसरांसाठीं १.३५ व्होल्ट ही दाबाची वरची मर्यादा ठरविली आहे. अधिक दाब व अधिक उष्णता ह्यांमुळें आंतील धातूच्या अतिसूक्ष्म तारांतील अणु हळूहळू जागा सोडतात, आणि आज नीट चालणारा वेग कालांतरानें पेलेनासा होतो.

उष्णतेच्या बाबतींत महाराष्ट्रांतील वापरणाऱ्यानें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरास खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहींत; खोलीच्या उष्णमानावर ठराविक अंशांची भर पडतेच. खोली २२ अंशांवर असतांना प्रोसेसर ६५ अंशांवर स्थिरावत असेल, तर खोली ४० अंशांवर गेल्यावर तोच ८३ अंशांकडे जाईल. आणि ह्या प्रोसेसराच्या झांकणाचें उष्णमान सुमारें ८१ अंशांवर जाऊं नये असा कंपनीचा दंडक आहे. म्हणजे पुण्याच्या पौषांत निर्दोष ठरलेली मांडणी नागपूरच्या वैशाखांतही निर्दोष राहील, असें गृहीत धरतां येत नाहीं. परीक्षा घ्यावयाची ती सर्वांत कडक उन्हाळ्याचा विचार करूनच घ्यावी.

प्रत्यक्ष कृति धीरानें करण्याची आहे. मदरबोर्डावर आधीपासून असलेला जुना प्रोसेसर काढण्यापूर्वींच बायॉस अद्ययावत करावें. कारण २००८ सालच्या बायॉसास २०१० सालच्या प्रोसेसराची ओळख नसते. ह्या सॉकेटांत टांचण्या प्रोसेसरास नसून मदरबोर्डावर असतात व त्या केंसासारख्या नाजूक असतात. एक वांकली तरी मदरबोर्ड वाया जाण्याची भीति. प्रोसेसर बसल्यावर प्रथम ठरीव वेगावरच कांहीं दिवस काम करून पाहावें. नंतर स्मृतीचा व प्रोसेसराचा गुणक खालीं घेऊन केवळ मूळ ठोका कोठवर चढतो, हें अजमावावें. तो कळल्यावर प्रोसेसराचा गुणक पूर्ववत् करावा, आणि वेग पायरी-पायरीनें वाढवून प्रत्येक पायरीवर परीक्षा घ्यावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या, तर दोष कोणाचा हें समजण्यास मार्ग राहत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. संगणक अडला, पडदा निळा पडला, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू झालें, तर तो प्रामाणिक दोष समजावा. तो निदान स्वतःस जाहीर तरी करतो. खरा घातक दोष मुका असतो. हजारों कोटी गणितांत एखादें चुकतें, यंत्र चालूंच राहतें, आणि चुकलेला आंकडा प्रबंधांत, हिशेबांत किंवा साठविलेल्या छायाचित्रांत निमूटपणें जाऊन बसतो. कारखानदार ठरीव वेग सांगतो तो प्रोसेसराच्या शक्तीची शेवटची सीमा नसते. वाईट वीज, कडक उन्हाळा आणि वर्षानुवर्षांची झीज ह्यांसाठीं त्यानें मध्यें थोडी जागा राखून ठेविलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव जागाच खर्च करीत असतो. येथें एक विपर्यासही आहे. सर्व्हरमध्यें हा प्रोसेसर चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या विशेष स्मृतीच्या साह्यानें काम करीत असतो; घरगुती एक्स ५८ मदरबोर्डावर सामान्यतः साधी स्मृति लागते, आणि तो पहारा नाहींसा होतो. ज्या विश्वासार्हतेसाठीं सर्व्हरचा प्रोसेसर नांवाजलेला, तिचाच बराचसा भाग ह्या स्थलांतरांत मागें राहतो.

म्हणून परीक्षेस पर्याय नाहीं. १९९६ सालीं सुरू झालेल्या मोठ्या मूळ संख्या शोधण्याच्या सार्वजनिक उपक्रमांतून प्राइम-९५ नांवाचा कार्यक्रम निघाला. तो प्रोसेसराकडून अवघड गणितें करवून घेतो, व ज्यांचीं उत्तरें आधीच ठाऊक आहेत त्यांच्याशीं तीं ताडून पाहतो. एक अंक चुकला तरी तो चूक दाखवितो. स्मृतीसाठीं मेमटेस्ट-८६ हा असाच कार्यक्रम आहे. दहा मिनिटांच्या परीक्षेवर समाधान मानूं नये. कित्येक तास, शक्य तर संबंध रात्र ती चालूं द्यावी. एकही चूक निघाल्यास एक पायरी खालीं उतरावें, आणि उतरण्यांत कमीपणा मानूं नये.

खर्चाचा हिशेबही पुरतेपणीं मांडला पाहिजे, नाहीं तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत व्हावयाची. प्रोसेसर स्वस्त झाला तरी चांगले एक्स ५८ मदरबोर्ड दुर्मिळ होत गेले, आणि जुन्या बाजारांत ते बहुधा प्रोसेसराहून महागच असतात. मोठा हीटसिंक, भरंवशाचा वीजपुरवठा-संच, हवा खेळती ठेवणारी पेटी, हे खर्च निराळे. विजेचेंही तसेंच. ओव्हरक्लॉकिंगमुळें १०० वॉट अधिक लागले व संगणक रोज सहा तास भर कामांत राहिला, तर वर्षास २१९ युनिट वीज जास्त जळते; युनिटास आठ रुपये धरल्यास हे १,७५२ रुपये झाले. ज्याच्या घरीं मदरबोर्ड आधींच आहे त्याचा व्यवहार फायद्याचा. ज्यास सर्वच नव्यानें जमवावयाचें आहे, त्यानें दहादां विचार करावा.

काळाच्या मर्यादाही आहेत. जानेवारी २०११ मध्यें आलेल्या पुढच्या पिढीपासून प्रोसेसरांत एव्हीएक्स नांवाच्या आज्ञा आल्या. त्या एक्स ५६५० मध्यें नाहींत, आणि त्यांवांचून न चालणारे कार्यक्रम व खेळ त्यावर सुरूच होत नाहींत. विंडोज ११ साठीं मायक्रोसॉफ्टनें दिलेल्या अधिकृत यादींतही त्यास स्थान नाहीं, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. लिनक्स मात्र त्यावर चालतें. शिवाय एप्रिल २०१७ मध्यें एएमडी कंपनीचा रायझन ५ १६०० हा सहा कोअरांचा नवा प्रोसेसर २१९ डॉलरांस निघाला, आणि नव्या मालाच्या बाजारांतही अनेक कोअर स्वस्त होऊं लागले.

सर्व्हरचा प्रत्येक स्वस्त प्रोसेसर अशा रीतीनें धांवडवितां येतो, असाही समज करून घेऊं नये. २०११ च्या पिढीपासून इंटेलनें मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ करून तो इतर अनेक विभागांशीं असा घट्ट जखडला कीं, तो थोड्याच टक्क्यांनीं वाढवितां येतो. २०१२ सालचा आठ कोअरांचा झिऑन ई५-२६७० पुढें अत्यंत स्वस्त झाला. परंतु त्याचा गुणक बंदिस्त असल्यामुळें तो ठरीव चालीनेंच वापरावा लागतो. त्या घराण्यांतील ई५-१६५० सारख्या मोजक्या प्रोसेसरांचा गुणक मात्र मोकळा आहे. विकत घेण्यापूर्वीं ही चौकशी न करणारा मनुष्य कुलूप पाहण्याआधीं पेटी खरेदी करतो.

मग शहाणपणाचा मार्ग कोणता? तो मधला आहे. ठोका १३३ वरून सुमारें १६७ वर नेला, तर एक्स ५६५० चा वेग ३.३३ गिगाहर्ट्झ होतो. म्हणजे त्याच्याच वंशांतील ९९९ डॉलरांच्या घरगुती भावंडाचा जो ठरीव वेग, तोच. इतकी वाढ हे प्रोसेसर बहुधा दाब विशेष न वाढवितांही सोसतात. वेग सव्वापट व दाब तोच राहिल्यास खर्चही सव्वापट, म्हणजे ९५ वरून ११९ वॉटांच्या आसपास जातो, आणि १३० वॉटांच्या प्रोसेसरांसाठीं घडविलेल्या मदरबोर्डास तो जड जात नाहीं. चार गिगाहर्ट्झांचा आंकडा मित्रमंडळींत सांगण्यास बरा. पण शेवटच्या त्या सहाशें-सातशें मेगाहर्ट्झांसाठीं जवळजवळ आणखी ऐंशी वॉट, मोठा पंखा आणि मनाची अस्वस्थता विकत घ्यावी लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश प्रोसेसरासही लागू आहे.

एखाद्या मोठ्या संस्थेच्या वहींतून खोडला गेलेला प्रोसेसर भंगारांत जाण्याऐवजीं होतकरू विद्यार्थ्याच्या मेजावर आणखी कांहीं वर्षें राबला, तर त्यांत दोघांचेंही हित आहे, आणि कचऱ्याचा डोंगरही तेवढाच कमी वाढतो. मात्र त्याच्याकडून काम घेणाऱ्यानें रात्रभराच्या परीक्षेंत तो चुकत नाहीं, हें आधीं स्वतः पाहून घ्यावें, महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि मगच त्याच्या उत्तरावर विसंबावें. वेग थोडा कमी पडला तर काम उशिरा होतें, एवढेंच. उत्तर चुकलें तर झालेलें कामही न झाल्यासारखें होतें.